गिरडची शर्यत आणि डब्याच्या तळचा लाडू

आयुष्यात मी दोनदाच खरं बोललो. एकदा लग्न ठरताना वय सांगितलं तेव्हा, आणि तेही शाळेचा दाखला सासऱ्यांच्या हातात होता म्हणून. दुसऱ्यांदा गिरडच्या टेकडीखाली, भर लोकांत, छातीशी शिल्ड धरून. ही दुसऱ्या वेळची हकिकत.

नालवाडीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. हिवाळ्यात गव्हाला पाणी सुरू झालं की पंप जळतात आणि माझी चूल पेटते. त्याच दिवसांत आमच्याकडे सायकलींची शर्यत असते. सकाळी नऊला नालवाडीहून सुटायचं, समुद्रपूर मागे टाकायचं आणि गिरडच्या टेकडीच्या पायथ्याशी आखलेली चुन्याची रेघ ओलांडून, खाली उतरून, वहीत सही करायची. सही केली तरच शर्यत पुरी. जिंकणाऱ्याला वर्षभरासाठी पितळी शिल्ड मिळते. सलग तीन वर्षं जिंकला, तर शिल्ड कायमची त्याची.

शिल्ड ही एवढी, दाराएवढी. मधोमध सायकलवर एक माणूस कोरलाय. घासून घासून त्याचं नाक गेलंय, तरी ऐट कायम. दोन वर्षं मी ती घरी आणली. पहिल्या वर्षी एसटीला मागे टाकलं, तेव्हा कंडक्टरनं खिडकीतून मान बाहेर काढून मलाच विचारलं, "भाऊ, समुद्रपूर किती वाजता पोचते तुमची?" दुसऱ्या वर्षी मला येताना पाहून गिरडची टेकडी जराशी खाली बसली, चढ कमी व्हावा म्हणून. तिसरं वर्ष उरलं होतं. फ्रिजवरची जागा मी दिवाळीतच कायमची मोकळी करून ठेवली.

आता हा वेग कुठून आला ते सांगतो, कारण पुढे सांगावंच लागणार आहे.

माझे मामेसासरे शर्यतीच्या कमिटीचे अध्यक्ष. तसे ते बैलांचे माणूस. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, त्यांची जोडी वाऱ्यासारखी पळायची. पटाच्या दिवशी सकाळी ते गोठ्यात जात, दार लावून घेत आणि बैलांना लिंबाएवढा एक काळा गोळा चारत. गूळ, तूप, सुंठ हे वासावरून कळायचं. वर चिमूटभर तपकिरी काहीतरी असायचं, ते त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. पुढे शंकरपटांना परवानगी लागायला लागली, बैलांची तपासणी आली, नशापाणी बंद झालं, आणि मामांनी उरलेले तीन गोळे बरणीत घालून गोठ्याच्या कोनाड्यात ठेवून दिले. जावई माणूस गोठ्यात गेला तर कोण विचारतं? तीन गोळे, तीन वर्षं. हिशेब देवानंच जुळवला होता.

गंमत अशी की संशय माझ्यावर होताच, पण भलत्याच जागी. मी मोटारी भरणारा, तेव्हा सायकलच्या नळीत नक्कीच मोटार बसवली असणार, असं सगळ्यांना वाटायचं. दुसऱ्या वर्षी जिंकल्यावर कमिटीनं माझी सायकल पार मोकळी केली. सीटच्या नळीत बॅटरीचा झोत टाकून पाहिला, पॅडलला कान लावले. काही सापडलं नाही. मी शेजारी बसून ढेकर देत होतो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

दुसरा संशय माझ्या प्रतिस्पर्ध्यावर. तो सावंगीचा इस्त्रीवाला. दोन्ही वर्षं दुसरा आला होता. सावंगीत मोठा दवाखाना, म्हणून तिथला माणूस सुई टोचून घेतच असणार, एवढंच त्याच्याविरुद्ध. वास्तविक त्यानं दवाखान्यात पाऊल ठेवलं ते चादरी पोचवायला. दिवसभर कोळशाची इस्त्री उचलून त्याचे दंड लोखंडी झाले होते, आणि तीस-तीस किलो कपडे कॅरिअरवर लादून पाय त्याहून लोखंडी. पण असं साधं कारण आमच्या गावात खपत नाही.

तिसऱ्या वर्षी, शर्यतीच्या महिनाभर आधी, कमिटी बसली. मामांनी मोबाइलवर परदेशातल्या मोठ्या सायकल शर्यतीबद्दल वाचलं होतं आणि त्यांची झोप उडाली होती.

"तिकडचे लोक आपलंच रक्त काढून फ्रिजात ठेवते," मामा म्हणाले, "अन् शर्यतीच्या दिवशी परत अंगात घालते."

"मंग काढते कायले?" एका म्हाताऱ्या सदस्यानं विचारलं.

यावर अर्धा तास चर्चा झाली. शेवटी असं ठरलं की ते श्रीमंत लोक आहेत, त्यांना ठेवायला जागा आहे.

"ते काही असो," मामा म्हणाले, "आपली शर्यत साफ झाली पाह्यजे. जशी बैलांची तपासनी, तशी मानसाची."

आणि खरोखर बैलांचीच झाली. पटाला येणारे पशुवैद्य ओळखीचे होते, त्यांनाच बोलावायचं ठरलं. पटाचे छापील फॉर्म पडून होते, तेच वापरायचं ठरलं. शर्यतीला आठ दिवस असताना आम्हा अठरा जणांना शाळेच्या मैदानात ओळीनं उभं केलं. डॉक्टरांनी माझा ओठ वर करून दात पाहिले आणि वयापुढे 'पूर्ण जुळलेला' असं लिहिलं. शिंगे: निरंक. शेपटी: निरंक. वशिंडाच्या रकान्यापाशी ते थांबले, इस्त्रीवाल्याच्या खांद्यांकडे पाहिलं आणि 'किंचित' असं लिहिलं.

"डॉक्टरसाहेब, पाय उचलू का?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"उचल, पन लाथ नको मारजो."

डॉक्टर भले माणूस. जाताना ते मामांना म्हणाले, "पाटील, माह्यानं बैलाचं सांगनं होते, मानसाचं नाई होत. कोनं काय खाल्लं हे तपासून भागत नाई. खाऊ घालनाराले धरा."

मामांच्या डोक्यात दिवा लागला. त्यांनी तिथल्या तिथे नवा नियम काढला: शर्यतीच्या सकाळची न्याहारी आणि पाण्याची बाटली, दोन्ही प्रतिस्पर्ध्याच्या घरची. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायच्या. एकानं दुसऱ्याच्या घरी जेवायचं. खाणाऱ्याला काही झालं, नशा निघाली, पोट बिघडलं, तर खाऊ घालणारा बाद. मनात आलं, मामा, एवढी अक्कल तुमच्या जोडीच्या वेळी कुठे होती? पण मामेसासऱ्यांना असं विचारत नाहीत.

चिठ्ठी निघाली. माझी जोडी इस्त्रीवाल्याशी.

घरी येऊन मी विचार केला आणि मला नियमात एक भोक सापडलं. इस्त्रीवाल्याला काही घालायचं नाही हे खरं. पण आग्रह करायला कुठे बंदी आहे? बायकोला म्हटलं, "पाहुना येऊन राह्यला. आपल्या घरची रीत दिसली पाह्यजे. नाई म्हने तवरी वाढ, अन् नाई म्हटल्यावर दुप्पट वाढ."

"इतकं प्रेम कऊन आलं एकाएकी?" ती म्हणाली.

"मानूस चांगला हाय."

"ते मले ठाव हाय. तुमाले कधी समजलं?"

तिनं पुरणपोळ्या, वडे, तर्रीचे पोहे असा बेत ठरवला. इतकं खाऊन इस्त्रीवाला सायकलवर चढला असता तर सायकलच खाली बसली असती. आणि मी? सावंगीला न्याहारी करायची, परत येताना दोन मिनिटं घरात शिरायचं आणि शेवटचा गोळा तोंडात टाकायचा. मागे एकदा बायकोनं घरातले कोनाडे साफ करायला काढले होते, तेव्हा घाबरून मी गोठ्यातून आणून ठेवलेला तो गोळा सुक्या खोबऱ्यात आणि खसखशीत घोळवला आणि डिंकाच्या लाडवांच्या डब्यात अगदी तळाशी ठेवला. तीस लाडू वर, एक लाडू खाली. त्या जागी तो सापडणं अशक्य होतं. माझ्या हुशारीचं मला स्वतःलाच कौतुक वाटलं.

शर्यतीच्या सकाळी सावंगीला गेलो. वाटेत ठरवलं होतं की जपून खायचं, जमालगोटा असू शकतो. इस्त्रीवाल्याच्या बायकोनं पोह्याची ताटली, दूध आणि दोन केळी समोर ठेवली. मी नुसता बघत बसलो. तिनं माझ्या ताटलीतला एक घास उचलून स्वतःच्या तोंडात टाकला.

"खा भाऊजी. केळात काही घालता येत नाई, अन् पोह्यात घालाचं मन नाई."

मग तिनं बाटली भरली, तोंडाला नवं फडकं बांधलं, गाठीवर हळदीचं बोट लावलं, म्हणजे कोणी उघडली तर कळावं. "मी एसटीनं गिरडले येऊन राह्यली," ती म्हणाली. "जिंकाचं तं तुमी दोघं पाहून घेजा. माहा मानूस तेवढा धड घरी आला पाह्यजे. त्याच्या बिना दुकानातले शंभर कपडे कोन करीन?"

ती हसत म्हणाली, पण बाटली हातात देताना एक क्षण सोडली नाही.

घरी आलो तेव्हा इस्त्रीवाला जेवून निघून गेला होता. बायको भांडी विसळत होती. मी स्टूल घेतलं, फळीवरचा डबा काढला, झाकण उघडलं. डब्यात माझंच तोंड दिसत होतं.

"लाडू कुठं गेले?"

"तुमीच तं म्हटलं आग्रह कर," ती म्हणाली. "काल पंचवीस शेजारी-पाजारी वाटले. बाकीचे त्यायच्या पुढं ठेवले. पुरनपोळी एकच खाल्ली त्यायनं, वडे बी नाई, म्हने वैनी, पोट जड होते. पन लाडू आवडले. शेवटचा राह्यला होता तळाचा, म्हटलं एकटा कायले ठेवता, तो बी घ्या. कडू होता म्हने जरासा. तरी खाल्ला. भल्ला गुनाचा मानूस."

मी स्टुलावरच बसून राहिलो.

आता इथे खरं बोलायची पहिली संधी होती. धावत जाऊन सांगायचं: शर्यत थांबवा, याच्या पोटात बैलाचा खुराक आहे. पण सांगितलं की मी बाद. नियमच तसा. शिवाय मी स्वतःला समजावलं की दोन वर्षं मी खाल्ला, मला काय झालं? माझ्या पायांनाच फक्त पंख फुटले. त्याला फुटले तर तो जिंकेल, मी हरेन; हीच माझी शिक्षा. बघा, मनात मी किती उदार होतो.

शिट्टी वाजली. समुद्रपूरपर्यंत सगळं ठीक होतं. इस्त्रीवाला आणि मी पुढे, बाकी सोळा जण मागे. त्यांनाही कोणीतरी आग्रह केलाच होता, त्यामुळे निम्मे रस्त्याकडेला पोट धरून बसले होते. आमच्या शर्यतीच्या इतिहासात इतकी स्वच्छ आणि इतकी सुस्त शर्यत झाली नाही. त्या सोळांत नशा कोणीच केली नव्हती आणि सायकल कोणालाच हाकता येत नव्हती.

समुद्रपूरच्या पुढे इस्त्रीवाल्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. डोळे इस्त्रीतल्या निखाऱ्यासारखे. "भाऊ," तो म्हणाला, "आज रस्ता पायाखालून स्वताच पळून राह्यला." आणि तो गेला. गेला म्हणजे असा गेला की त्याच्या मागच्या धुळीनं मला गाठलं, ओलांडलं आणि पुढे जाऊन माझी वाट बघत उभी राहिली. मी पोहे, दूध, केळी आणि हळदीच्या बोटाची बाटली एवढ्यावर पॅडल मारत राहिलो. पहिल्यांदाच मला कळलं की गिरडला चढ आहे.

पोचलो तेव्हा बँड वाजत नव्हता. मामा हार घेऊन उभे होते, आणि हार त्यांच्याच हातात होता. इस्त्रीवाला माझ्या आधी दहा मिनिटं आला होता. चुन्याची रेघ ओलांडली, बँडमधून गेला, मामांच्या हाराखालून डोकं काढलं आणि उमरेडच्या रस्त्यानं तसाच पुढे निघून गेला. थांबला नाही, उतरला नाही, सही केली नाही. दोन जण मोटरसायकलवर मागे गेले होते. ते परत आले, म्हणाले दिसत नाही.

"सई नाई म्हनजे शर्यत पुरी नाई," मामा म्हणाले. "या जवाईबुवा. नियम तो नियम."

मी सही केली. हार गळ्यात पडला. तिसरं वर्ष. शिल्ड माझ्या हातात, कायमची. बँड वाजायला लागला आणि त्या बँडच्या पलीकडे हातात डबा घेतलेली इस्त्रीवाल्याची बायको उभी होती.

"भाऊजी, हे थांबले कऊन नाई?" तिनं विचारलं. "तुमी संगं होते. काही बोलले का?"

गिरडच्या टेकडीवर जायफळाएवढे गोल गोल दगड सापडतात. सांगतात, एका व्यापाऱ्यानं टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांची थट्टा केली आणि त्याच्या गोण्यांतला सगळा माल दगड झाला. मी जन्माचा थट्टेखोर, म्हणून तिथे नेहमी जरा अंग चोरून उभा राहतो. त्या दिवशी शिल्ड अशी काही जड झाली की गोणीत किती वजन झालं असेल ते मला कळलं. आणि ती बाई उत्तराची वाट पाहत होती.

"बँड थांबवा," मी म्हणालो. "त्याच्या पोटात बैलाचा गोळा हाय. माह्या घरचा. माह्यासाठी ठेवला होता. मांगचे दोन मी खाल्ले."

बँडवाल्यांनी हातातल्या तुताऱ्या खाली घेतल्या. पशुवैद्य खुर्चीवरून उठले. मामा माझ्याजवळ आले.

"कुठून आनला तुमी गोळा?" त्यांनी विचारलं, पण फार हळू.

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते टेकडीकडे पाहत होते.

"बजारातून," मी म्हणालो.

म्हणजे माझी दुसरी खरं बोलायची वेळही पाऊणच खरी म्हणायची.

शिल्ड मी मामांच्या हातात दिली आणि डॉक्टरांच्या मागे मोटरसायकलवर बसलो. बाई रस्त्याच्या कडेला उभी होती. सहा-सात किलोमीटरवर एका खेड्यात हातपंपाभोवती बायांची गर्दी दिसली. मध्ये इस्त्रीवाला. सायकल पडलेली, आणि तो पंप हापसत होता. थांबतच नव्हता. गावातल्या सगळ्या घागरी भरल्या होत्या, बादल्या भरल्या होत्या, म्हशींचं टाकं भरलं होतं, आणि आता बाया घरातून ड्रम लोटत आणत होत्या.

"चाल बाप्पा," मी त्याला धरलं.

"राहू द्या ना भाऊ," एक आजीबाई म्हणाली. "दोनच ड्रम राह्यले. असा मानूस रोज येते का?"

इस्त्रीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, गिरड आलं का?"

डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि पहिल्यांदाच गंभीर झाले. "हा बैल नाई," ते म्हणाले. "याले मानसाच्या डॉक्टरले दाखवा." गावातली जीप मिळवून, वाटेत त्याच्या बायकोला घेऊन, सरकारी दवाखान्यात नेलं. सलाईन लागलं. संध्याकाळपर्यंत त्याच्या छातीतली धडधड बसली आणि त्याला भूक लागली. बायको डबा उघडून शेजारी बसली. मी दाराशी उभा होतो.

"या आत," तो म्हणाला. "बाहेरून काय पाहता? आता आग्रह नाई करत मी."

त्याच्या बायकोनं माझ्याकडे न बघता एक भाकरी माझ्या हातावर ठेवली. तशी भाकरी गिळायला गोळ्यापेक्षा कठीण जाते.

पुढच्या आठवड्यात कमिटी बसली. मला तीन वर्षं बंदी. मी मान हलवली. मग वाद लागला की नियम ठेवायचा की मोडायचा. कोणी म्हणालं रक्त तपासा, कोणी म्हणालं सगळ्यांना उपाशी पळवा. माझी बायको दाराशी उभी होती. लाडू तिनं वाढले होते, म्हणून तिला साक्षीला बोलावलं होतं.

"मामाजी," ती म्हणाली, "जिंकनाराले शिल्ड देता म्हनून हे चोरून खाते. जो जिंकन, त्याले ज्यायनं खाऊ घातलं त्या घरी शिल्ड द्या. मंग पाहू कोन जमालगोटा घालते अन् कोन गोळा. कायमची तं कोनालेच नको. कायमच्या वस्तूपायी मानूस बिघडते."

"असं कुठं राह्यते का," मामा म्हणाले. "पळनारा तो, अन् शिल्ड चुलीले?"

मी गळा साफ केला. "मामा," मी म्हणालो, "मले वाटते त्या बजाराचं नाव आता आठवून राह्यलं."

मामांनी तो नियम एकमतानं मंजूर केला.

पुढच्या वर्षी इस्त्रीवाल्यानं चिठ्ठी काढायलाच नकार दिला. मी पळणार नव्हतो, तरी म्हणाला, "मी तं वैनीच्याच घरी खाईन. फक्त लाडू नको." बायकोनं त्याला पोहे, दूध आणि दोन केळी दिली, आणि बाटलीच्या गाठीवर हळदीचं बोट लावलं. मी दुकानात मोटार भरत बसलो होतो. कान मात्र गिरडकडे. तो पहिला आला. उतरला. सही केली, आणि सही करून झाल्यावर, सांगतात, पंप हापसल्यासारखे दोन हात करून दाखवले.

संध्याकाळी शिल्ड आमच्या घरी आली, बिननाकाच्या सायकलवाल्यासकट. बायकोनं ती फ्रिजवर ठेवली नाही. स्वयंपाकघरात फळीवर ठेवली आणि तिच्या मागे लाडवांचा डबा. आता मला लाडू हवा असला की आधी शिल्ड बाजूला करावी लागते, आणि शिल्डला हात लावायची मला परवानगी नाही.

"एक लाडू दे ना," मी परवा म्हटलं.

"सकाळपासून काय काय खाल्लं ते सांगा आधी," ती म्हणाली. "अन् खरं सांगजा."

मी आठवायला लागलो.